पेटीतली घरघर

सडक अर्जुनीला स्टँडसमोर एक म्हातारा मेकॅनिक बसायचा. झाडीपट्टीतल्या नाटकमंडळ्यांचे व्हॉल्व्हचे जुने ॲम्प्लिफायर तोच दुरुस्त करायचा. आधी डोळे मिटून ॲम्प्लिफायरच्या पेटीला कान लावायचा, मगच पेचकस उचलायचा.

मी गिटार वाजवतो. तिला मोबाईलवर त्या पेट्यांचा हुबेहूब आवाज देणारं ॲप मी त्याला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. त्यानं मोबाईललाही तसाच कान लावला.

"आवाज तोच आहे. पन मागं घरघर होऊन राहिली."

"ती मुद्दाम टाकलीय. जुनं वाटावं म्हणून."

"काऊन? तेच मिटवता मिटवता माही जिंदगी गेली ना बाप्पा! बंद होते काय?"

मी बटण दाखवलं. सोल्डरिंगनं भाजलेल्या बोटानं त्यानं ते दाबलं. घरघर थांबली.

"बस? येवढंच?"

मोबाईल परत देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.