लांबचं दाखवणारं कार्ड

“याचा काम काय, बाय?”

कॉम्प्युटरचा कोणताही सुटा भाग टेबलावर आला की जान्हवीचे बाबा हे विचारत. मला नाही, लेकीला. दुकान माझं, भाग माझ्याकडचे, पण उत्तर तिनंच द्यायचं. ती सांगायची, “ही रॅम, बाबा. चालू काम हिच्यावर मांडून ठेवतात.” ते जरा विचार करत आणि म्हणत, “म्हंजे आईचा मासळीचा पाट. जेवढा पाट मोठा, तेवढी मासळी मांडता येते.” मग माझ्याकडे वळत, “बरोबर ना, मास्तर?”

बरोबरच असायचं. मी मास्तर नव्हतो, बोईसरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. पण त्यांच्या लेकीला मी चार गोष्टी शिकवत होतो, म्हणून त्यांच्या लेखी मास्तर.

तारापूरच्या कारखान्यांतून पाळी संपवून बाहेर पडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. अंघोळ केलेली, कपडे बदललेली, तरी नखांत कुठला ना कुठला रंग राहिलेला. यांच्या नखांत पिवळा असे. राहायला किनाऱ्यावरच्या दांडी गावात. सगळं घर समुद्रावर जाणारं आणि यांना होडीत बसलं की ओकारी. ते स्वतःच हसत सांगत, “भाऊ मासे पकडायचे, मी होडीची कड पकडायचो.” म्हणून ते कंपनीत लागले, ठेकेदाराकडे. त्यांची म्हातारी आई त्यावर खूश होती. एक तरी पोरगा जमिनीवर राहिला.

जान्हवी आठवीत होती. मैत्रिणीकडे तिनं ट्रक चालवायचा एक खेळ पाहिला होता आणि तिला तसा खेळ चालणारा कॉम्प्युटर हवा होता. तयार घेणं यांच्या आवाक्याबाहेरचं. पहिल्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी विचारलं, “एकेक तुकडा आणून बांधता येतो असा ऐकला. होडीसारखा?” मी म्हटलं, “अगदी तसाच.” तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. समुद्र मानवला नसला तरी होडी बांधताना त्यांनी लहानपणापासून पाहिली होती.

सहा-सात महिने ते दोघं येत राहिले. एका खेपेला वापरलेला मदरबोर्ड, पुढच्या खेपेला प्रोसेसर, नंतर पॉवर सप्लाय. रिकामा डबा, म्हणजे कॅबिनेट, तर त्यांनी सगळ्यात आधी नेला होता. “डबा घरात असला की बाकीचा येतोच,” असं त्यांचं म्हणणं. जोडताना ते स्वतः कशालाही हात लावत नसत. रसायनांनी त्यांची बोटं सोलवटून जाड झाली होती. “तू बसव, बाय. माझ्या हाताला ह्या नाजूक काम नाय जमायचा.” ते फक्त उजेडासाठी बॅटरी धरत. तिनं प्रोसेसर जागेवर ठेवून खटका दाबला तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरला होता, हे मला तो सोडला तेव्हा कळलं.

पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी ते नारळ, हार आणि कुंकवाची पुडी घेऊन आले. नारळ माझ्या पायरीवर फोडला. हार डब्याला घातला. मग कुंकवाचं बोट उघड्या डब्यात घालणार, इतक्यात जान्हवी ओरडली, “बाबा, आत नको! पंख्यावर नको!” ते ओशाळून थांबले आणि ते कुंकू त्यांनी माझ्या कपाळाला लावलं.

खेळ चालला. पण ग्राफिक्स कार्ड अजून नव्हतं, त्यामुळे चित्राची प्रत अगदी कमीवर ठेवावी लागे. रस्त्यापलीकडचं काही दिसायचं नाही, झाडं एकदम समोर उगवायची. ते तिच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. “लांबचा का नाय दिसत?” मी सांगितलं, त्याला वेगळं कार्ड लागतं. माझ्याकडे एक लहान कार्ड होतं, तेव्हाच बसवता आलं असतं. पण पालघरला एक गेमिंग कॅफे बंद होत होता, तिथलं एक चांगलं कार्ड मला मिळणार होतं. मी म्हणालो, “महिनाभर थांबा. घेताय तर चांगलं घ्या. लांबचे डोंगरसुद्धा दिसतील.”

त्यांनी जान्हवीकडे पाहिलं. तिनं पडद्यावरून नजर काढली नाही.

“बरा. रविवार पकडतो,” ते म्हणाले. म्हणजे सुट्टीच्या दिवशी जादा ड्युटी.

चौथ्या रविवारी दुपारी कार्ड माझ्या हातात आलं. मी लगेच त्यांना फोन केला. पूर्ण रिंग वाजली, कुणी उचलला नाही. पुन्हा केला. कामात असतील म्हणून मी कार्ड कागदात गुंडाळून खणात ठेवलं.

सोमवारी चहाच्या टपरीवर कळलं. त्यांच्या कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीत पंप अडकला होता. एक जण आत उतरला आणि बेशुद्ध पडला. त्याला काढायला दुसरा उतरला. दोघंही गेले. दुसरा म्हणजे ते. मी फोन केला तेव्हा त्यांना वर काढून तास झाला होता. फोन कपडे बदलायच्या खोलीत, खुंटीवरच्या पँटच्या खिशात वाजत होता.

मी दांडीला गेलो. त्यांची आई अंगणात बसली होती आणि येईल त्याला एकच विचारत होती, “पोरगा पाण्यात गेला नव्हता ना?”

दोन महिन्यांनी जान्हवी आणि तिची आई रिक्षातून दुकानात आल्या. डबा जान्हवीच्या मांडीवर होता. आई म्हणाली, “चालू नाय होत, मास्तर. त्यांनी येवढ्या हौसेनं केला. हिनं खेळावा, येवढाच वाटतं मला.” आणि बाजारातून काहीतरी घ्यायला ती बाहेर गेली.

मी डबा उघडला. आतली मुख्य वायर बोर्डावरून काढलेली होती. आपोआप निघणारी ती वायर नव्हे. खटका दाबून ओढावी लागते.

“मीच काढली,” जान्हवी म्हणाली.

“का गं?”

“आई रोज म्हणते चालू कर. मला नाय करायचा. तुमी तिला सांगा, बिघडला, आता नाय होणार.”

मी खणाकडे हात नेला. कार्ड असंच, पैसे न घेता देऊन टाकायचं, असं मी ठरवलं होतं. तिला ते न दाखवताच कळलं.

“नको, काका.” मग, माझ्याकडे न बघता, “लहान कार्ड चाललं असतं मला.”

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

आई परत आली. मी झाकण बसवत होतो. म्हणालो, “यातला एक भाग गेलाय. आता मिळत नाही तो.” नाहीच होणार, असं सरळ सांगायला हवं होतं. तिच्या तोंडाकडे पाहून मी पुढे म्हणालो, “मिळाला तर कळवतो.”

“बघा हां,” ती म्हणाली. पदरानं तिनं डबा पुसला. जान्हवीनं तो पुन्हा मांडीवर घेतला आणि रिक्षा गेली.

त्यानंतर जान्हवी कधी आली नाही. तिची आई येते. सुकी मासळी विकायला ती बोईसरच्या बाजारात बसते, आणि घरी जाताना न चुकता माझ्या पायरीशी थांबते. टोपली खाली ठेवत नाही.

“आला काय तो भाग, मास्तर?”

“नाही आला अजून.”

“येल ना पण?”

मी मान हलवतो. ती डोक्यावरची टोपली सावरून दांडीच्या रिक्षांकडे जाते.