रुबेनकाकांची मंदीतली शिकवणी

रुबेनकाकांसमोर कुणी 'सेवा' हा शब्द उच्चारला की ते उठून आत पाणी प्यायला जात. परत येऊन खुर्चीत बसत आणि म्हणत, "हं. आता काय केलंस ते सांग." मस्कतला, अल् घुब्रामधल्या त्यांच्या फ्लॅटवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा एकाच वाक्यात तो शब्द दोनदा वापरला होता. काका त्या संध्याकाळी बरंच पाणी प्यायले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. काका रेवदंड्याकडचे. नव्वदच्या सुमारास ओमानला आले आणि अल् खुवैरमधल्या एका कंपनीत प्रशिक्षण विभाग सांभाळू लागले. ओमानी तरुणांना तयार करून आपल्याच लोकांच्या खुर्चीत बसवायचं, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकं चोख केलं की ऑफिसातले मराठी लोक त्यांना जेवायला बोलवत नसत. पत्नी वारली होती, मुलगा इस्राएलला स्थायिक झाला होता. मस्कतमध्ये आमची घरं अगदी मोजकी. नावांवरून लोक आम्हाला ख्रिश्चन समजत आणि नाताळला केक पाठवत. काका आभार मानून ठेवून घेत. "गैरसमज दूर करायचा तर केक परत करावा लागेल," ते म्हणत.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे पडदे ओढून शब्बाथचे दिवे लागत. किसमिसाचं शरबत फिरे, मग नारळाच्या रसातलं मटण. अशाच एका शुक्रवारी, २००९ च्या सुरुवातीला, मी आणि आमच्याच समाजातली एस्तेर तोंड पाडून बसलो होतो. मंदी दुबईहून मस्कतला पोचली होती. मी बांधकाम कंपनीत इंजिनिअर, एस्तेर इंटिरियरवाल्यांकडे. दोघांनाही एकाच महिन्यात नारळ मिळाला होता.

"छान झालं," काका म्हणाले.

एस्तेरचे वडील जेवता जेवता थांबले. "रुबेन, पोरीची नोकरी गेलीय."

"म्हणून तर म्हणतोय. अलिबागजवळ आपल्या समाजाचा वृद्धाश्रम आहे, मुलांचा वर्ग आहे. चालवणारे सगळे सत्तरीच्या पुढचे. मी कधीपासून तरुण माणसं मागतोय. चांगल्या दिवसांत आपली पोरं इस्राएलला जातात, नाहीतर इथं येतात. मंदीत ती जरा मोकळी सापडतात."

व्हिसा संपायला थोडे महिने होते आणि दुसरं काही काम नव्हतं. आम्ही हो म्हणालो. वाटलं होतं, अलिबागला पाठवण्याआधी काका काहीतरी शिकवतील, म्हणजे फळा वगैरे. त्यांनी आम्हाला गाडीत घातलं आणि माबेलाला नेलं. तिथं स्वस्तातल्या खोल्यांमधून कोकणातले कामगार राहत. बऱ्याच जणांच्या कंपन्या बंद पडल्या होत्या आणि माणसं अडकून पडली होती.

"पण काका, ही आपली माणसं नाहीत," मी म्हणालो.

"आपली माणसं चहा पाजतील आणि तुमच्या चुका झाकतील. आधी परक्यांकडे शिका."

माबेलात इब्राहिमचाचांचं किराणा दुकान होतं. ते मुरुडचे. कुठल्या खोलीत कोण अडचणीत आहे, हे त्यांच्याकडून कळे. त्यांनी माझं नाव विचारलं, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "शनवारतेली ना तुमी? आमच्या गावात होती तुमची घरं." शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून कोकणात आम्हाला हे नाव. मस्कतमध्ये मला बरोबर ओळखणारा हा पहिला माणूस. त्यांनी ते पुन्हा कुणासमोर काढलं नाही.

पहिलं काम गफूरचं. श्रीवर्धनचा हा वेल्डर परांचीवरून पडला होता, दोन्ही हात प्लास्टरमध्ये. त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, कंपनीला कुलूप लावून गायब. गफूरचं तिकीट चाचांनी जमवलं होतं, दुसऱ्या दिवशी विमान होतं. मी त्याच्या खाटेवर बसून वकिलात, नुकसानभरपाई, कामगारांचे हक्क असं सगळं मुद्देसूद समजावलं.

"झालं?" काकांनी मला विचारलं. "आता त्याला काय पाहिजे ते विचार."

मी विचारलं. गफूर म्हणाला, "दाढी करून द्या. पोरगी येनार हाय विमानतळावर. घाबरंल ती."

मी आयुष्यात दुसऱ्याची दाढी केली नव्हती. काका भिंतीला टेकून बघत राहिले, मदतीला आले नाहीत. काम संपल्यावर गफूरनं आरशात पाहिलं. हनुवटीवर रक्त होतं. "इन्शाल्ला, उद्यापर्यंत भरंल," तो म्हणाला.

परतताना काका गाडीत बोलले ते एवढंच, "तू शिकलेला आहेस, हे त्याला कळलं. तेवढ्यासाठी आपण गेलो नव्हतो."

एस्तेरचा अभ्यासक्रम वेगळा होता. ती कनवाळू, म्हणून तिला मदत मागणाऱ्यांना नकार द्यायला बसवलं. "लबाड माणसांनी संस्था कमी बुडतात," काका म्हणत. "'बघू' म्हणणाऱ्यांनी जास्त." एकदा तिनं एका सुताराला फोनवर स्पष्ट सांगितलं, की या महिन्यात त्याच्या तिकिटाची सोय होणार नाही. फोन ठेवला आणि रडायला लागली. काकांनी चहा केला, तिचा पिऊन होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आता पुन्हा लाव."

"पुन्हा काय सांगू?"

"काही सांगू नकोस. जेवलास का, विचार."

उन्हाळ्यात मला दोहाहून नोकरी आली. पगार जुन्यापेक्षा चांगला. काका गळ घालतील, म्हणून मी उत्तरं तयार करून गेलो. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "जा की. चांगली आहे."

मला रागच आला. "मग इतके महिने शिकवलंत कशाला?"

"मी आग्रह केला तर तू माझ्यासाठी अलिबागला जाशील. मी किती दिवस पुरणार?"

ते फार दिवस पुरले नाहीत. त्याच महिन्यात अल् खुवैरला ऑफिसातून उतरून गाडीत बसले आणि तिथंच गेले. मुलाचा पासपोर्ट इस्राएलचा, त्याला ओमानला येणं शक्यच नव्हतं. तो परस्पर कोकणात पोचला. काकांना घेऊन एस्तेर आणि तिचे वडील गेले. माझा पासपोर्ट व्हिसा रद्द करायला दिलेला, म्हणून मी मागे राहिलो. दफन झाल्याचा एस्तेरचा फोन आला, तेव्हा मी काकांच्या फ्लॅटमध्ये एकटाच होतो.

संध्याकाळी बेल वाजली. दारात इब्राहिमचाचा आणि त्यांच्यामागं माबेलातली माणसं होती, जिना भरून. सुतारही होता. सगळे आत येऊन भिंतीकडेनं उभे राहिले.

शेवटी चाचा म्हणाले, "तुमच्यात काय म्हनतात ते म्हना."

"त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, चाचा."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "हायत की जास्तच."

"आमच्यातले दहा."

चाचांनी विचार केला. "ते इथं कुठून आननार?"

"नाही मिळणार."

"मग म्हना."

मी टोपी घातली आणि कदीश, मृतांसाठीची आमची प्रार्थना, म्हणायला सुरुवात केली. अर्थ त्यांना कळत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरता कळत नव्हता. पहिल्या ओळीनंतर जमलेल्यांनी 'आमेन' म्हणायचं असतं. तिथं मी थांबलो.

"आमीन," इब्राहिमचाचा म्हणाले, आणि मग सगळी खोली म्हणाली.

पासपोर्ट मिळाल्यावर मी दोहाला नकार कळवला आणि अलिबागला निघालो.