मर्व्हची भक्कम कडी

डल्सी ट्रेनॉर्डनला लहानपणापासून एक खोड होती: ‘ते तसंच असतं’ हे उत्तर तिला पचत नसे. ऑस्ट्रेलियातल्या काल्गुर्लीत खाणींसाठी बोअर मारणाऱ्या कंपनीचं स्टोअर तिनं उभा जन्म सांभाळलं आणि आत आलेल्या प्रत्येक वस्तूला ‘का?’ म्हणून विचारलं. लोक वैतागायचे. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्या आठवड्यात खडकाची घनता मोजणारं यंत्र दुरुस्तीला पर्थला जायचं होतं. त्याच्या पोटात किरणोत्सर्गी गोळी, म्हणून ते त्याच्या ठरावीक पेटीतूनच न्यायचं. नेमकी पेटीच्या झाकणाची कडी तुटली. वर्कशॉपच्या मर्व्ह डन्स्टननं सकाळच्या चहाआधीच नवी बसवून दिली. जाड पोलादी, चारी बाजूंनी वेल्डिंग केलेली. कुंपणाच्या तारेनं सांधलेला ट्रक वाळवंटातून घरी आणणारा माणूस तो. मोडलेलं फेकायचं नाही, हा त्या मुलखाचा धर्मच. शुक्रवारी त्याची मुलगी नरेल ट्रक घेऊन निघणार होती, आणि पेटी सुरक्षित आहे अशी सही डल्सीला करायची होती.

तिनं पेटी बनवणाऱ्याला ॲडलेडला फोन लावला. तो म्हणाला, दुरुस्त केलेली पेटी आमच्या चाचणीतून गेलेली नाही, नवीच घ्या, मात्र वेळ लागेल. चाचणीत काय करता, हे विचारल्याशिवाय डल्सी फोन ठेवते थोडीच! पाण्याचा मारा करतो, वर वजन रचतो, छातीच्या उंचीवरून पाडतो, असं त्यानं सांगितलं.

मर्व्ह तडकला. “इतकी वर्षं माझ्या हातचं चाललं, आणि आज तो कोण कुठला शहाणा?”

“अरे, भांडतेय कोण? पाडून बघू या की.”

यंत्र कुलपात राहिलं. पेटीत तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा घातला. चहाचे मग घेऊन सगळे अंगणात जमले, बिअरच्या पैजा लागल्या. नळीनं पेटी भिजवून झाली. फोर्कलिफ्टनं ती छातीएवढी उचलली आणि कोपऱ्यावर पाडली.

कडी जागची हलली नाही. मर्व्हच्या चेहऱ्यावर हसू फुटणार, तोच मागच्या बिजागऱ्या उखडल्या, झाकण कडीला लोंबकळलं आणि ठोकळा घरंगळत त्याच्या बुटांपाशी येऊन थांबला.

डल्सी तिथंच उकिडवी बसली. जुनी कडी वाकायची, धक्का स्वतः खायची; ही वाकली नाही, म्हणून सगळा धक्का बिजागऱ्यांवर गेला. त्यासाठीच जुनी तशी नाजूक होती तर! तिला इतका आनंद झाला की सांगायला तिनं मान वर केली, आणि समोर मर्व्हचा उतरलेला चेहरा दिसला.

त्यानं ठोकळा उचलून हातात धरला होता.

“नरेलच्या सीटमागेच बांधणार होतो मी ही पेटी,” तो हळूच म्हणाला.

मग ठोकळा तिच्याकडे देत म्हणाला, “लाव फोन त्याला. आणि दोन मागव. एक मला पाडून बघायचीय.”