जावईपिवळा

हल्लीच्या पोरींना साडीचा रंग विचारला की "यलो" म्हणून मोकळ्या होतात. अगं बाई, यलो म्हणजे कुठला? लिंबाचा, केवड्याचा, शेवंतीचा, का पाडाला लागलेल्या आंब्याचा? तर म्हणे, "आजी, यलो म्हणजे यलो!" डोकं फिरतं माझं. मी सांगलीच्या हळदपेठेत वाढले. आमच्या घरात माणसांना हाक मारायला नावं कमी पडायची, पण पिवळ्याला कधी पडली नाहीत.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, हळदीचे अडते होते. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला दाखवायचा आणि मधल्या मध्ये आपलं भागवायचं, हा त्यांचा धंदा. हळकुंड कटकन मोडायचं, मोडलेली बाजू उजेडाकडे धरायची, डोळे बारीक करायचे आणि रंगाचं नाव घ्यायचं. समोरचे लोक त्या नावाकडे कान लावून बसलेले असायचे. मला लहानपणी वाटायचं, आबांच्या डोळ्यांत देवानं काहीतरी वेगळं घातलंय. मोठी झाले तसं कळलं काय घातलंय ते. आपल्याकडचा माल असला की तो जर्द. तोच शेजारच्या अडत्याकडे असला की मातकट. विकायचा असला की त्याला केशरी झाक, घ्यायचा असला की पेवात ओल लागलेली दिसतेय. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेला खड्डा. माल खराब निघाला की पेठेतला सगळा दोष त्या बिचाऱ्या खड्ड्याला जायचा.

घरातल्या बायकाही काही कमी नव्हत्या. मामींचं लग्नातलं लुगडं उन्हानं विटलं होतं, तर तसल्या रंगाला आमच्याकडे "मामीचा पिवळा" म्हणत. मामी सोडून सगळ्यांना ते माहीत होतं. पंगतीला माणसं वाढली आणि वरणात पाणी वाढलं की तो "पाहुण्याचा पिवळा". ही सगळी नावं पाडायच्या आमच्या आत्याबाई, आबांच्या थोरल्या बहीण. त्या आमच्याच घरी राहायच्या आणि त्यांनी एकदा नाव ठेवलं की ते खोडायची आबांचीही छाती नव्हती.

माझा स्वतःचा रंग सावळा. साधा, सरळ शब्द, पण घरात तो उच्चारायला बंदी. शेजारची पोर सावळी, मी मात्र गव्हाळ! स्थळं घेऊन येणाऱ्या मध्यस्थाला आबा छाती ठोकून सांगायचे, "मुलगी गव्हाळ हाय." एकदा एक पाहुणा मला बघून उठता उठता म्हणाला, "व्हय, गहूच हाय, पन खपली." खपली गहू आमच्या भागातला, तांबूस काळपट. सगळे हसले. आबासुद्धा हसले. मी आत जाऊन त्या पाहुण्याची पोह्याची बशी अशी आपटली की तिचे तुकडे न्हाणीपर्यंत गेले. बशी गेल्याबद्दल बोलणी खाल्ली ती मीच.

जपान्यांच्या लढाईचे दिवस होते. कापड मिळत नव्हतं, रॉकेल मिळत नव्हतं, पण माझ्या रंगावर बोलायला माणसं हवी तेवढी मिळत होती. अशात कोरेगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा पलटणीत, रजेवर आलेला. त्याचे चुलते ऊस किती, विहीर किती असं बोलत होते आणि हा मान खाली घालून बसलेला. मध्यस्थानं विचारलं, "काय मग, मुलगी पसंत?" तर हा म्हणाला, "माझी पसंती हाय. पन त्यास्नी बी इचारा की, मी पसंत हाय का."

आत्याबाई दाराआडून पुटपुटल्या, "पलटणीत ह्येला काय रीतभात शिकवत्यात का न्हाई?" मला कुणी काही विचारलं नाही, विचारायची पद्धतच नव्हती. पण तो तसं म्हणाला होता. मी तिथंच ठरवून टाकलं, करीन तर ह्यालाच, नाहीतर बसा सगळे खपली निवडत.

लग्न त्याच्या पुढच्या रजेत करायचं ठरलं आणि तो परत आसामच्या जंगलात गेला. पुढची रजा कधी मिळणार, मिळेल का, आणि रजेवर यायला माणूस जागेवर राहील का, हे घरात कुणी बोलत नव्हतं. मी मात्र दुसरं काही मनात आणत नव्हते. देवापुढे उभी राहिले की एकच मागणं, एवढी रजा मिळू दे.

आणि मिळाली हो! मुहूर्त धरला. मामांनी माझ्यासाठी लग्नातली पिवळी साडी कुठून कुठून मिळवली. राहिलं होतं ते सुपारी फोडणं, म्हणजे चार माणसांत लग्न पक्कं करणं. रजा थोडी म्हणून नवरामुलगाच चुलत्यांबरोबर रेल्वेनं आमच्याकडे आला. अंगणात पाय धुवायला त्यानं टोपी काढली, बाह्या सारल्या, आणि आबांच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

नवरामुलगा पिवळा होता. चेहरा पिवळा, मान पिवळी, हाताचे तळवे तर हळद कांडून उठल्यासारखे. डोळे तेवढे पांढरेशुभ्र. मी खिडकीतून बघत होते.

चुलते घाईघाईनं म्हणाले, "तिकडच्या हवेनं जरा गोरा झालाय, बाकी काय न्हाई." चुलत्यांनी कधी हळद विकली नसेल, पण आपल्या मालाचा रंग सांगायला ते आबांइतकेच तयार होते.

आबा जवळ गेले. सवयच ती, त्याचा हात धरून उजेडाकडे वळवला. "शेवंती म्हणावं तर जरा हिरवट हाय," ते म्हणाले. मामा म्हणाले, "न्हाई भावजी, लिंबोणी." "लिंबोणी एवढी फिकी? गड्या, डोळं तपासून घे." दोघांची अशी जुंपली की मुलगा हात पुढे करून उभाच. त्यानं मधेच सांगितलं, "आवं, गोळी हाय ती. हिवतापाची, सरकारी." पण दोन जाणकार रंगावर बोलत असताना ज्याचा रंग आहे त्याचं कोण ऐकतं?

तेवढ्यात आत्याबाई बाहेर आल्या. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि कमरेवर हात ठेवला. "शेवंती न्हाई आन लिंबोणी न्हाई. ही हळद हाय. ह्येला हळद लागलीया!"

आमच्याकडे हळद आधी नवऱ्यामुलाला लागते आणि त्याची उरलेली, उष्टी हळद नवरीकडे येते. अंगभर हळद लागलेला पुरुष दारात उभा, म्हणजे त्याचं लग्न झालेलं, एवढं हळदपेठेत लहान पोरही सांगेल. आत्याबाईंनी चुलत्यांना सरळ विचारलं, "मग उष्टी हळद कुनाच्या घरी गेली? कुठल्या छावणीत दुसरं बिऱ्हाड मांडलंया ह्येनं?"

चुलते भडकले. मामा उठून उभे राहिले. आबा मात्र शांतपणे म्हणाले, "भांडताय कशाला? हळदीला चुना लावला की ती लाल होती. लावून बघू." झालं! आत्याबाईंनी आपल्या पानाच्या चंचीतून चुना काढला आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या दंडावर बोटानं खसाखसा चोळला. सगळे वाकून बघू लागले. मी खिडकीचा गज घट्ट धरला होता. लाल झालं असतं तर माझं सगळं संपलं होतं.

लाल झालं नाही. मला हुंदकाच फुटला. पण आत्याबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. "मग कावीळ हाय," त्या म्हणाल्या.

गल्लीच्या टोकाला एक बाबा कावीळ उतरवून द्यायचे. ते आले. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली, असा त्यांचा इलाज. त्यांनी मुलाचे हात परातीत चोळले, काय पुटपुटायचं ते पुटपुटले, पाणी पिवळट झालं. "उतरतीया," बाबा म्हणाले. आबांना राहवेना. "माझं बी बघा की जरा," म्हणून त्यांनी आपले हात परातीत घातले. सकाळपासून हळदीतच होते ते हात. पाणी लालभडक झालं. बाबांनी परातीकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि दक्षिणेचं नावही न काढता चपला शोधू लागले.

तेव्हा कुठे मुलाचा आवाज चढला. परेडवरचाच आवाज तो, अंगणातली कोंबडीसुद्धा पळाली. "आवं, मगाधरनं सांगतुया, गोळी हाय!" मग त्यानं खिशातून एक चपटी डबी काढून उघडून दाखवली. पिवळ्याधमक गोळ्या. त्यांच्या जंगलात हिवताप गोळीबारापेक्षा जास्त माणसं खातो. म्हणून साहेब रोज रांगेत उभं करतो, डोळ्यांदेखत गोळी गिळायला लावतो. अंग पिवळं होतं म्हणून कुणी कुणी ती गालात धरून मागे थुंकायचे. "त्यातलं दोघं माझ्याच तंबूतलं व्हतं," तो म्हणाला. "आता न्हाईत."

आता तरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडायला हवा होता ना? छे! आमच्या माणसांना खरं कळलं की त्याचं काय करायचं ते कळत नाही. मामा म्हणाले, "ठीक हाय, पन मांडवात चार लोक काय म्हणतील? पोरगी सावळी म्हणून काविळीच्या माणसाला दिली म्हणतील." घरात पहिल्यांदा कुणी मला सावळी म्हणालं, ते असं. चुलत्यांनीही मान डोलावली. मग सगळ्यांनी मिळून तोड काढली. लग्नापर्यंत गोळी बंद ठेवायची, रंग जरा उतरेल. नाहीतर लग्न पुढच्या रजेत.

"गोळी सोडली की ताप वर येतो," तो म्हणाला. "अंगातच दबा धरून बसल्याला असतो." "येऊ दे की, घरचं औषिद हाय," चुलते म्हणाले. पुढची रजा म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक होतं. तो खिडकीकडे बघत नव्हता, पण मी तिथं आहे हे त्याला कळलं असावं. तो म्हणाला, "बरं. ऱ्हातो बिनगोळीचा." आणि त्यानं डबी मिटली.

माझं टाळकंच सटकलं. माझ्या रंगापायी आजवर मला काय काय ऐकावं लागलं होतं, ते मी गिळलं. पण आता चार लोकांच्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून हा माणूस मरायला तयार झाला होता, आणि तो माझ्यासाठी. मी तांब्या-फुलपात्र उचललं, डोक्यावर पदर घेतला आणि भरल्या बैठकीत बाहेर आले. नवरीनं सुपारीच्या दिवशी असं बाहेर येणं म्हणजे काय, ते आजच्या पोरींना नाही कळायचं. मी थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आजची गोळी घेतली का?" मी त्याला विचारलं.

तो उठूनच उभा राहिला. "न्हाई अजून."

"मग घ्या. माझ्यासमोर."

"आगं ए भवाने!" आत्याबाई किंचाळल्या. आबांनी तोंडावर हात ठेवला. मी फुलपात्रात पाणी ओतलं आणि त्याच्यापुढे धरलं. "ज्यांना रंग उतरायला हवा असंल त्यांनी मांडवात येऊ नये," मी म्हणाले. "मला पिवळाच पाहिजे."

त्यानं डबी उघडली, गोळी घेतली, पाणी प्याला. मग साहेबापुढे दाखवायची सवय असेल, त्यानं तोंड उघडून मला दाखवलं की गिळली आहे. चुलते आधी हसले. मग मामा. सगळ्यात शेवटी आबा म्हणाले, "फोडा सुपारी. पोरगी हातची जायच्या आत फोडा."

लग्न झालं. हळदीला बायका हैराण, कुठं लावली आणि कुठं राहिली ते कळेचना. मांडवात लोकांनी विचारायचं ते विचारलंच. आत्याबाई मात्र बदलल्या होत्या, माल आता आपला झाला होता ना! त्या ठसक्यात सांगायच्या, "कावीळ कशाची? त्यो जावईपिवळा हाय." नाव चिकटलं. आमच्या गल्लीतल्या बायका पुढे दुकानात जाऊन जावईपिवळं लुगडं मागायच्या आणि दुकानदार दाखवायचाही.

आमचे हे रजा संपवून परत गेले. मी कोरेगावला सासरी. पत्र यायचं ते पलटणीच्या साहेबानं तपासून आठ ठिकाणी काळं फासलेलं, त्यातून काही समजायचं नाही. एक दिवस त्यांच्याच पलटणीतला एक जण रजेवर आला आणि निरोप द्यायला घरी आला. सासूबाईंनी विचारलं, जेवतो का, वाळला का, आठवण काढतो का. तो सगळ्याला व्हय-व्हय म्हणत होता, आणि ते तर कुणीही म्हणेल. निघायला लागला तेव्हा मी दाराआडून विचारलं, "अजून पिवळे हायत न्हवं?"

तो वळला. "व्हय वैनी. लय पिवळं हायत."

मी आत गेले, चुलीपुढे बसले आणि पोटभर रडले. मग उठून पोटभर जेवले.