बल्बाचा काय गुन्हा

सौंदडच्या रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये बसणाऱ्या त्या मिस्त्रीला मी नाव विचारलं नाही. मी वीज ऑफिसात इंजिनिअर आहे, हेही त्याला सांगितलं नाही. कारण माझ्याच मोटरसायकलच्या हेडलाइटचा बल्ब महिन्यात तिसऱ्यांदा उडाला होता.

"नवा बल्ब टाका," मी म्हणालो. त्याने बल्बाला हातही लावला नाही. आधी वाकून बॅटरी हुंगली. मग व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन वायरी तिला लावून म्हणाला, "रेस द्या, साहेब."

मी रेस दिली. चौदा-साडेचौदा व्होल्टवर थांबायला हवा तो आकडा अठरावर गेला.

"बल्बाचा काय गुन्हा? रेग्युलेटर गेला. इंजिन जेवढी वीज बनवून राहिलं, तेवढी सारी आत सोडून राहिला."

"मला वाटलंच होतं," मी म्हणालो. वाटलं नव्हतं.

नवा रेग्युलेटर बसवून त्याने पुन्हा मीटर लावला आणि चौदाचा आकडा मला दाखवला. मग चिंधीने हात पुसत म्हणाला, "आमच्या मोहल्ल्यातले बल्बबी असेच उडून राहिले. तुमच्या ऑफिसात अर्ज घेऊन आलो होतो. तुमीच म्हनलं, चांगल्या कंपनीचे बल्ब घ्या."

आवाजात राग नव्हता. त्याने मीटरचं बटन घरच्या लाईनवर फिरवलं आणि मीटर माझ्यापुढे धरला. "मोहल्ला मागंच हाय, साहेब."

ऑफिसच्या कपाटात असे चार मीटर आहेत, अजून खोक्यातून न काढलेले. मी त्याचाच घेतला.