दोन्ही बाजूंनी छापलेला कागद

लेस्टर ट्रेवेनाला अख्खं वॉलरू गाव ‘मधला लेस’ म्हणायचं, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. पोरंटोरंसुद्धा त्याला बंदरावर गाठून विचारायची, लेस, आज तळ्यात की मळ्यात? तो गळ टाकता टाकता सांगायचा, काठावर. बुडणाऱ्याला हात द्यायला कोणीतरी काठावर लागतं की नाही?

आता हसायला ठीक आहे, पण त्या काठावर तो हौसेनं गेला नव्हता. त्याचा बाप धक्क्यावरचा हमाल, युनियनचा माणूस, हाडाचा लेबरवाला. आई गव्हाच्या शेतकऱ्याची मुलगी, तिच्या माहेरी लिबरल पक्षाशिवाय दुसरं नाव घ्यायची सोय नव्हती. निवडणूक लागली की त्या दोघांत विस्तव जात नसे. रविवारी टेबलावर मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्या यायच्या, आणि बापाला मीठ हवं असलं तर तो लेस्टरला म्हणायचा, तुझ्या आईला सांग, मीठ सरकव. मीठ हातभर अंतरावर असायचं. लेस्टर ते मीठ इकडून तिकडे पोचवत मोठा झाला.

म्हणून तरुणपणी त्या दोन पक्षांच्या मधला एक नवा पक्ष निघाला तेव्हा लेस्टर त्यात असा शिरला, की जणू कोणी त्याच्यासाठीच दार उघडून ठेवलं होतं. पक्षाला मोठं भारदस्त नाव होतं, पण आमच्याकडे सगळे ‘मधलेच’ म्हणायचे. पहिल्याच सभेला शाळेच्या ग्रंथालयातली ग्वेंडा आली होती. सडपातळ, तिखट जिभेची. त्या सभेत शहरातून आलेला एक साहेब समजावत होता की, बाबांनो, आपला माणूस पडणार हे उघड आहे. पण आपल्याकडे मतपत्रिकेवर प्रत्येक नावापुढे आकडा घालावा लागतो, आणि पडलेल्याची मतं दुसऱ्या-तिसऱ्या आकड्याकडे वळतात. तेव्हा आपल्या मतदारांनी पुढचा आकडा कोणाला घालायचा, ते आपण मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकात वाटायच्या कागदावर छापू. लेबरला की लिबरलला, बोला.

तेव्हा ग्वेंडा उठून म्हणाली, “कागदाला दोन बाजू असतात ना? एका बाजूला हे छापा, दुसऱ्या बाजूला ते. लोक काय कुक्कुली बाळं आहेत? उलटून बघतील.”

झालं. पुढे जन्मभर त्या गावात मधल्यांचा कागद दोन्ही बाजूंनी छापला गेला, आणि लेस्टरनं ग्वेंडाशी लग्न केलं. यातलं आधी काय ठरलं कोण जाणे.

पक्षाचे दिवसही बरे आले होते मध्यंतरी. वरच्या सभागृहात मूठभर माणसं निवडून गेली, आणि त्यांना विचारल्याशिवाय दोन्ही मोठ्यांचं पान हलेना. लेस्टर त्या काळात छाती काढून चालायचा. मग एका कराच्या विधेयकावरून त्या मूठभर माणसांतच फूट पडली. लोकांनी अशी पाठ फिरवली की पुन्हा वळून बघितलं नाही. लोकांना मधला माणूस शेजारी म्हणून आवडतो, भांडण सोडवायला आवडतो, पण मत द्यायची वेळ आली की प्रत्येकाला दुसऱ्याला पाडायचं असतं. हे मी म्हणतोय. लेस्टर असलं कधी बोलला नाही.

तो फक्त सभासद टिकवत राहिला. गावात कोण मधला आहे हे दोन जणांनाच ठाऊक असायचं, तो सभासद आणि लेस्टर. कारण गाव लहान. बेसिलचं माशांचं दुकान, त्याला दोन्हीकडची गिऱ्हाइकं सांभाळायची. कोणाचा मुलगा लिबरलवाल्याच्या शेतावर कामाला, कोणाची सून युनियनच्या कचेरीत. लेस्टर प्रत्येकाला बजावायचा की मत ज्याचं त्याच्यापाशी. परक्यानं विचारलं तर सरळ सांगायचं, मी कुठलाच नाही. ग्वेंडालाही त्यानं हे इतक्यांदा सांगितलं की ती वैतागून म्हणायची, “अरे, मला काय शिकवतोस, मी तोंड उघडते का कधी?”

मग ग्वेंडा विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग स्वतःच्या बहिणीचं मरण. बहीण कुठंय म्हणून ती विचारायची आणि लेस्टरला दर वेळी नव्यानं सांगावं लागायचं, दर वेळी ती नव्यानं रडायची. शेवटी त्यानं खोटं बोलायला सुरुवात केली. येईल रविवारी, म्हणायचा.

त्या वर्षी निवडणुकीआधी वरून फर्मान आलं. पक्षाचं नाव मतपत्रिकेवर हवं असेल तर पुरेसे सभासद जिवंत आणि खरे आहेत, हे दाखवा. निवडणूक कचेरी यादीतली काही नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलणार, त्यांना फोन करणार, आणि एवढंच विचारणार की तुम्ही या पक्षात आहात का. फार जणांनी नाही म्हटलं की नाव खोडलं. लेस्टरला त्याची काळजी वाटली नाही. माणसं तर खरी होती, त्यानं स्वतः एकेकाला पारखून घेतली होती. आता एवढंच त्याला हवं होतं, की आपण आणि ग्वेन आहोत तोवर ते नाव कागदावर राहावं. जिंकायचं वेड त्यानं कधीच सोडलं होतं.

काही दिवसांनी शहरातून पक्षाच्या सेक्रेटरीचा फोन आला. नाव खोडलं गेलं होतं. फोन आले तेव्हा बऱ्याच जणांनी कानांवर हात ठेवले, ती म्हणाली, आणि त्यात वॉलरूची माणसं जास्त निघाली. मग तिनं आवाज बारीक केला आणि सांगितलं की त्यांतल्या एक मिसेस ट्रेवेना होत्या.

लेस्टरनं फोन ठेवला. तो तसाच तडक बेसिलच्या दुकानात गेला. बेसिल मासा सोलत होता. तो म्हणाला, कोणी बाई गोड आवाजात विचारत होती, मला वाटलं लुबाडणारी आहे, दिला फोन आपटून. एवढं बोलून त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. लेस्टर त्याला वाटेल ते बोलला, उभ्या जन्मात बोलला नव्हता असं बोलला, आणि घरी आला.

ग्वेंडा ओट्यापाशी बटाटे सोलत होती. एक बटाटा तिनं सोलून सोलून गोटीएवढा केला होता. लेस्टरनं तिला काही विचारलं नाही. आजारानं तिची बहीण नेली, किल्ल्या नेल्या, आता हेही नेलं, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं तिच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली आणि उरलेले बटाटे स्वतः सोलले. रडू आलं ते त्यानं नळ सोडून लपवलं.

मे महिन्यातला मतदानाचा शनिवार उजाडला. लेस्टर जाणार नव्हता. पण मत न देऊन चालत नाही, दंड बसतो, आणि ग्वेंडाला नेणंही भाग होतं. शाळेच्या फाटकात नेहमीप्रमाणे सॉसेज भाजल्याचा, कांदा परतल्याचा वास सुटला होता. डावीकडे लेबरची नोरीन, दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. उजवीकडे लिबरलचा क्लिफ, मोठा शेतकरी. वर्षानुवर्षं लेस्टर आपले कागद वाटत त्या दोघांच्या मधे उभा राहायचा. दोघं एकमेकांशी धड बोलत नसत. नोरीनचा चहाचा थर्मास क्लिफकडे जायचा तो लेस्टरच्या हातून. आज ती मधली जागा रिकामी होती, आणि दोघांपैकी कोणीही तिच्यात पाऊलभरसुद्धा सरकलं नव्हतं.

लेस्टरनं दोघांकडे बघून मान डोलावली आणि पुढे जाऊ लागला. ग्वेंडा थांबली. तिनं त्याच्यापुढे हात पसरला.

“माझा कागद दे.”

“कुठला गं?”

“आपला. उलटायचा.”

त्यानं उगीचच खिसे चाचपले. गेली दोन वर्षं तिला कधी कधी स्वतःचं घरही ओळखू येत नव्हतं, आणि हे तिला आठवत होतं. नोरीननं तोंड फिरवलं. मग ती एकाएकी पुढे झाली आणि तिनं आपला एक कागद क्लिफसमोर धरला. क्लिफ क्षणभर बघत राहिला. मग त्यानं आपला एक कागद काढला, तिच्या कागदाच्या पाठीला पाठ लावली, कडा नीट जुळवल्या आणि दोन्ही मिळून ग्वेंडाच्या हातात दिले.

ग्वेंडानं एक बाजू वाचली. उलटून दुसरी वाचली. पुन्हा पहिली.

“छपाई बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण लेस, आपलं नाव कुठंय?”

“या वेळी नाही, ग्वेन.”

“का रे?”

तो तिला पुढे नेऊ लागला. तिनं आजूबाजूला पाहिलं, त्याची बाही ओढली आणि त्याच्या कानाशी लागली.

“एका मुलीचा फोन आला होता. खोदून खोदून विचारत होती, तुम्ही त्यांच्यातल्या का, त्यांच्यातल्या का. मी काही ताकास तूर लागू दिली नाही हं. कुठलीच नाही म्हटलं. आपलं आपल्यापाशी.” आणि शाबासकीची वाट बघत ती त्याच्याकडे पाहत राहिली.

लेस्टरनं तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं. ते लावायला त्याला बराच वेळ लागला.

“बरं केलंस, ग्वेन,” तो म्हणाला. “अगदी बरं केलंस.”

मग त्यानं तिचा हात धरला आणि दोघं रांगेत जाऊन उभी राहिली.