चुंबकबाई

आमच्या छापखान्यात माझ्या वहिनीला सगळे चुंबकबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत; तेवढी कुणाची छाती नाही.

बँकेचे चेक छापायचं मशीन तिच्याकडे. चेकच्या तळाशी आकड्यांची ओळ असते ना, ती साध्या शाईची नसते. त्या शाईत लोखंडाची पूड असते, म्हणून आम्ही तिला लोखंडी म्हणतो. बँकेतलं यंत्र ती ओळ चुंबकाने वाचतं. आपल्या डोळ्यांना काय, काळं ते सगळं सारखंच. म्हणून नवा डबा उघडला की वहिनी ॲप्रनच्या नाडीला बांधलेला चुंबक शाईजवळ नेते. शाई फुगून वर आली तरच डबा मशीनपाशी जातो. पोरं हसतात. हसोत बापडी.

त्या दिवशी डबा मालकांनी स्वतः आणून दिला. वर लेबल लोखंडीचं. वहिनीने चुंबक नेला, शाई ढिम्म हलली नाही. मालक म्हणाले, लोखंडी संपलीय, बँकेची गाडी संध्याकाळी येणार, आजच्या दिवस साधी चालवून घ्या, कुणाला कळतंय! वहिनीने झाकण लावलं. यंत्र हे चेक परत फेकेल आणि कुणाचा तरी पगार अडकेल, एवढंच ती म्हणाली. मालकांचा पारा चढला. चालवायचं नसेल तर उद्यापासून येऊ नका, म्हणाले.

दादाचं काम सुटलेलं, घर चालत होतं ते या मशीनवर आणि माझ्या पॅकिंगवर. आणि ही बाई? रोलर पुसत उभी! वाटलं, एक धपाटा घालावा हिला. जरा नमतं घेतलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

तेवढ्यात मालक माझ्याकडे वळले. मशीन मला येतं, वहिनीनेच शिकवलंय. आवाज एकदम गोड करून ते म्हणाले, "तू बस मशीनवर. कायमची."

वहिनीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझं मी ठरवावं म्हणून खाली मान घालून पुसत राहिली. तेच मला झोंबलं.

मी मशीनपाशी गेले.

"वहिनी, तो चुंबक दे इकडे."

झाकण काढलं आणि मालकांच्या नाकासमोर चुंबक शाईजवळ धरला. चांगला धरून ठेवला. शाई हलेना.

"ही चालत नाही," मी म्हणाले.

भर दुपारी दोघी घरी आलो. दादाने दार उघडलं, आज लवकर कशा, विचारलं. वहिनी म्हणाली, सुट्टी.

मी म्हणाले, "कायमची."